कारंज्यात बसून अंदमानच्या लाटा

आमच्या कारंजा गावात समुद्र नाही. तरी तेलवाल्या सुमतिभाऊंना रोज सकाळी विचारावं लागतं, "काय भाऊ, आज समुद्र कसा काय?" नाही विचारलं, तर ते भर बाजारात ओरडून सांगतात!

माझं भांड्यांचं दुकान त्यांना खेटून, म्हणजे पळायलाही जागा नाही. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. पण मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडलं की माणसाच्या अंगात येतं. अंदमानच्या पाण्यावर बारीक, वाकडे पट्टे दिसतात.

"लाटा आहेत या! पण पाण्याच्या पोटातल्या. आपलं अख्खं दुकान बुडन एवढ्या. वर नुसते पट्टे उमटतेत. वरून समुद्र कसा, गरीब गाय!"

कोणी हसलं की बाटली बाहेर. खाली नीळ घातलेलं पाणी, वर शेंगदाण्याचं तेल. बाटली हळूच कलवायची. वर तेल शांत, आत निळी लाट डुलत चाललेली. "वरून पाहू नोको, आत पाह्य!" एकदा एक बाई तेल घ्यायला आल्या नि लाटा बघून तेल न घेताच घरी गेल्या. भांडायला परत आल्या, तर भाऊंनी त्यांच्याच हातात बाटली दिली!

दुसरं वेड जेवणाचं. जैन माणूस दिवस बुडायच्या आत जेवणार, हे ठीक. पण बाकीचे जैन दुकानदार दुपारचा चहा पीत असतात तेव्हाच यांचा डबा उघडलेला.

"कायले एवढी घाई, भाऊ? पुण्य पळून चाललं का?"

"तुले काय समजते!" असं म्हणून मोबाईल भिंतीला टेकवायचे नि जेवायला बसायचे.

मध्यंतरी तिकडं ढगच बसले. चित्रात नुसता कापूस. भाऊंनी बाटलीला हात लावला नाही. गिऱ्हाईकाला चक्क मुकाट्यानं तेल दिलं. बाजार घाबरला हो!

मग एका उतरत्या दुपारी ते धावत आले ते थेट माझ्या उतरंडीवर. कळशा गडगडत रस्त्यावर!

"आले! पट्टे आले रे!"

मला मिठी मारली, नि तिथंच डबा उघडला.

"अहो, अजून ऊन आहे."

"इकडं आहे. तिकडं दिवस आपल्या आधी बुडते." बोटांनी चित्र मोठं करत राहिले. "आपली रेखा तिथंच आहे. या लाटा मोजाले जहाज गेलं नं, त्याच्यावर. फोन लागत नाही. पट्टे जिथं, तिथं तिचं जहाज."

रेखा त्यांची एकुलती एक. आई गेल्यापासून बापलेक एकाच ताटात जेवायचे. ती नोकरीला दूर आहे, एवढंच आम्हाला ठाऊक.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"लोक म्हंतीन, पोरीले समुद्रात कायले धाडलं. मंग मले रडू येते ना बाप्पा."

चित्रात एक पांढरा ठिपका होता. ढगाचा तुकडाच असणार. मी रस्त्यावरच्या कळशा गोळा करायला घेतल्या.

भाऊंनी पोळीचा घास मोडला, ठिपक्याकडे पाहिलं.

"चाल वं माय, जेवून घे. दिवस बुडून राह्यला."