स्टेजपासून तीन हातांवर

चर्चच्या हॉलमध्ये ती फिल्म दाखवायची, एवढंच मी ठरवलं होतं. माणूस साधं काहीतरी ठरवतो आणि मग गावाला वर्षभर पुरेल इतकी करमणूक करून बसतो, स्वतःच्या खर्चाने.

फिल्म १९७० सालची. आमच्या सॉमरसेटमधल्या एका कुरणात तेव्हा चार गाजलेले बँड एकाच दिवशी वाजले होते आणि सर्वांवर कडी म्हणजे शेवटचा ‘लॉर्ड टर्निप’. मी तिथे होतो. नुसता होतो असं नाही, लॉर्ड टर्निपच्या गिटारवाल्याच्या पायाशी, स्टेजपासून तीन हातांवर, शर्ट भिरकावून चिखलात नाचत होतो. गेली पन्नास वर्षं हे मी ख्रिसमसच्या प्रत्येक जेवणाला सांगत आलोय. (इतक्यांदा, की ढगाळ हवेत माझी छाती त्या चिखलाने खाजते.)

आणि गेली पन्नास वर्षं माझा मेव्हणा रोलंड टर्कीवर रस्सा ओतत म्हणतो, “डेस्मंड, तू? अरे, तू मोज्यांना इस्त्री करतोस!”

(करतो. त्याचा इथे काय संबंध?)

त्यामुळे त्या दिवसाची हरवलेली फिल्म सापडल्याचं कळताच मी ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. मी पण एके काळी रंगेल होतो हे गावाने आपल्या डोळ्यांनी बघायलाच हवं होतं. बायको म्हणाली, “कशाला उगाच? जुनं ते असू दे की.” ग्लेनिसचा स्वभावच भित्रा, असं मी मनात म्हटलं आणि गावभर पोस्टर चिकटवली.

हॉल खच्चून भरला. मी चामड्याचं जाकीट घालून पहिल्या रांगेत. (चेन लागत नव्हती. पोट आत घेऊन कशीबशी लावली आणि तसाच बसलो.) शेजारी रोलंड, मांडीवर बिस्किटांचा डबा.

पहिला बँड सुरू झाला. कॅमेरा गर्दीवरून फिरत मागच्या एका तंबूपाशी गेला. तंबूपुढे शिस्तीत रांग होती. रांगेत एक पोरगा, रेनकोटची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, काखेत छत्री.

“अगोबाई, हा तर आपला डेस्मंड!” मागच्या रांगेतून शेजारच्या पॉटलबाई ओरडल्या.

“छे, छे!” मी म्हणालो. पण असले सुपाएवढे कान सॉमरसेटमध्ये दुसऱ्या कुणाला नाहीत.

दुसरा बँड आला. पोरगा रांगेतच, किंचित पुढे.

“प्रगती आहे,” रोलंड म्हणाला आणि त्याने बिस्किट चावलं.

तिसऱ्या बँडच्या वेळी तर गाण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. “सरकला! सरकला!” असा गलका झाला. तेवढ्यात पडद्यावरच्या त्या शहाण्याने मागच्या दोन नन्सना वाकून आपल्या पुढे जाऊ दिलं. अख्खा हॉल कळवळला.

मग लॉर्ड टर्निप. गिटारवाला गुडघ्यांवर, आणि खाली, स्टेजपासून बरोबर तीन हातांवर, एका दाढीवाल्याच्या खांद्यावर बसून, केस मोकळे सोडून, नखशिखांत चिखलाने माखून थयथयाट करणारी... ग्लेनिस!

टाळ्या, शिट्ट्या! पाद्रीसाहेब तर उभेच राहिले.

“रांग कसली होती रे?” रोलंडने विचारलं.

मला ती रांग लख्ख आठवली. “तेव्हा माहीत नव्हतं. माणसं उभी होती, म्हणून मी उभा राहिलो.”

याला मात्र कुणीही हसलं नाही. “बरोबरच आहे,” पाद्रीसाहेब गंभीरपणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“चहाची होती,” ग्लेनिस म्हणाली. “मी ह्याच्या पुढे होते. म्हटलं, माझी जागा धर, आलेच. चौथा बँड संपवून आले, तर हा जागा धरून उभा!”

“आणि माझा तो चिखल?” मी विचारलं.

“माझा! चहा पिताना मीच तुला सगळं सांगितलं. पुढच्या ख्रिसमसला तू ते स्वतःचं म्हणून सांगायला लागलास. इतका खुलायचास, की तुला थांबवायचं जिवावर आलं.”

“मग तो दाढीवाला?” माझा आवाज चिरकला. “लग्न त्याच्याशी का नाही केलंस?”

“त्याने जागा धरली असती होय!”

सगळा हॉल हेलावला. रोलंडने माझ्यापुढे बिस्किटांचा डबा धरला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी इतका विरघळलो की पोट सुटून जाकीट उसवलं.

तेव्हापासून गावात माझी कीर्ती पसरली आहे. काल बेकरीत पॉटलबाई म्हणाल्या, “डेस्मंड, तेवढी जागा धरा हं, आलेच.” मग पाद्रीसाहेब. मग रोलंड. दुकान बंद व्हायला आलं तरी तिघांच्या जागा धरून मी उभा होतो.

मला पाव नकोच होता.