बादलच्या पाठीचं माप

निंबादादा दुसऱ्यांदा माप घेत नसत. दुसऱ्यांदा मोजतो तो शिंपी, असं ते म्हणत, आणि इतवारा बाजारात त्यांच्या खोगिरांच्या दुकानासमोर बसणाऱ्या शिंप्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत.

खोगिराचं काम मात्र सहा वर्षांत आलं नव्हतं. दुकान पट्ट्यांवर आणि चपला शिवण्यावर तगून होतं. मुलगा विपुल तिथं मोबाइलची कव्हरं मांडायची म्हणत होता. तेवढ्यात दापोऱ्याचे केळीवाले वसंतभाऊ आले. धर्मेंद्रचं, त्यांच्या मुलाचं, लग्न होतं आणि वरात भाड्याच्या घोडीवरून नाही, घरच्या बादलवरून काढायची होती. निंबादादांनी विपुलला बजावलं : हे खोगीर लोकांनी पाहिलं की कामं येतील. नाही आली, तर दुकान तुझं.

दिवाळीनंतर ते दापोऱ्याला गेले. बादलच्या पाठीवर शिशाची तार वाकवून आकार पुठ्ठ्यावर उतरवला. मग तीन महिने लाकडी सांगाडा, म्हशीचं कातडं, मेणाचा दोरा, दोन सुया. सरुबाई एकदाच म्हणाल्या, "मधी एकदा पाहून तर या. जिता जीव आहे तो, भिंत थोडीच आहे." निंबादादा बायकोशी दोन दिवस बोलले नाहीत.

तिकडे केळीचा भाव असा पडला की व्यापारी घड कापायला फिरकेनात. पिकलेली केळी फेकणं उखर्डू गड्याच्या जिवावर आलं. तो सकाळी टोपलंभर, संध्याकाळी टोपलंभर बादलपुढे ठेवू लागला. बादलनं तक्रार केली नाही. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. वसंतभाऊंना तर घोड्यावर तेज आल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी निंबादादांनी इस्त्रीच्या सदऱ्यात मंगल कार्यालयासमोर खोगिरावरचं फडकं काढलं, तेव्हा बँडवालेसुद्धा वाजवायचे थांबले. खोगीर बादलवर चढवलं आणि भोपळ्यावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसू लागलं. पोटाखालून आवळायचा तंग वीतभर कमी पडला.

"हा घोडा तो नाही," निंबादादा शांतपणे म्हणाले. "तुम्ही बदलला."

वसंतभाऊंचा चेहरा उतरला. हे वाक्य व्याह्यांकडे पोचेपर्यंत घोडा भाड्याचा झाला होता. नवरीच्या मामांनी बाहेर येऊन विचारलं, "नवरदेव तरी तोच आहे ना?"

शेवटी उखर्डूनं केळ्यांचं कबूल केलं. "फेकून देऊ का मंग, भाऊ? पाप लागतं."

"आणि तुम्ही काय करत होते तीन महिने?" वसंतभाऊ निंबादादांवर घसरले. "पाठ मोजली की पुठ्ठा?"

मुहूर्त टळत होता. बँडवाल्याच्या ढोलाचा पट्टा तंगाला बांधला आणि धर्मेंद्रला वर बसवलं. वीस पावलं वरात झोकात गेली. मग खोगीर सावकाश, मानानं, बादलच्या पोटाखाली गेलं, आणि नवरदेवही त्याच्यामागोमाग. धर्मेंद्र फेटा मांडीवर घेऊन ऑटोरिक्षातून मांडवात उतरला. खोगीर फाटकापाशी धुळीत पडून राहिलं. त्याचा एक टाकासुद्धा उसवला नव्हता. पण ते बघायला कुणी वाकलं नाही.

आठवड्यानं दुकानात मंडप सजवणारा यादव आला. फाटकापाशी त्यानं काम पाहिलं होतं. असं हात चालवणारं आता कोण राहिलं, म्हणाला. त्याला तशीच आठ खोगिरं हवी होती. निंबादादांचा हात आपोआप तारेकडे गेला. घोडे कुठं बांधलेत, त्यांनी विचारलं.

"बांधायचे काय, काका? फायबरचे आहेत. लोक बसून फोटो काढतात. कातडं नको, रेक्झिन चालेल. फक्त वरून चमकलं पाहिजे."

विपुलनं बापाकडे न बघता हो म्हणून टाकलं. दुकान वाचलं.

संध्याकाळी सरुबाईंनी ताट वाढताना विचारलं, आज कुणी आलं होतं का.

"एक जण," निंबादादा म्हणाले. "पत्ता विचारत होता."