दुसऱ्या त्रिशलाबाई

मिरजेच्या त्रिशला बिरनाळे यांच्या क्रेडिट कार्डाची मंगळवारी नक्कल झाली, आणि गुरुवारी दुपारी सव्वा वाजता त्यांची स्वतःची नक्कल चाकांची बॅग ओढत त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

दार त्यांच्या यजमानांनी, म्हणजे भूपाल बिरनाळे यांनी उघडलं. बायको आत स्वयंपाकघरात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते जरा थांबले.

"मी त्रिशला भूपाल बिरनाळे," दारातली बाई म्हणाली. "जन्मतारीख चौदा ऑगस्ट एकोणीसशे एकोणसत्तर. आईचं माहेरचं आडनाव मगदूम. आत येऊ ना?"

"या की," भूपालराव म्हणाले. दुसरं काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही.

मी त्या बँकेच्या तक्रार विभागात टिपणं लिहितो, म्हणून हे प्रकरण मला पहिल्या कागदापासून माहीत आहे. कार्डाबरोबर माणसाचीही नक्कल झाल्याच्या तक्रारी आमच्याकडे महिन्याला दोन-तीन येतात. नक्कल सहसा परगावी राहते, खरेदी करते आणि पत्ता बदलते. थेट मूळ माणसाच्या घरी मुक्कामाला येणं विरळा. पण कार्ड बंद झालं की तिला हॉटेलात खोली मिळत नाही, आणि पत्ता विचारला तर तिच्याकडे एकच असतो. ती तिथे जाते.

आणि हे कार्ड फार लवकर बंद झालं होतं. मंगळवारी संध्याकाळी त्रिशलाबाईंच्या मोबाइलवर बावीस फोन विकत घेतल्याचा संदेश आला. त्या तेव्हा कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन केला, कार्ड बंद करायला लावलं, तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहिला आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. या सगळ्याला नऊ मिनिटं लागली. आमच्या विभागात ती तक्रार नमुना म्हणून नव्या लोकांना दाखवतात.

गुरुवारी बाहेर येऊन त्यांनी दुसरीला नखशिखान्त पाहिलं. तेच नाक, तोच तीळ, चष्म्याची तीच काडी. फक्त साडी नवी होती.

"किती दिवस राहणार?" त्यांनी विचारलं.

"निकाल लागेपर्यंत," दुसरी म्हणाली.

त्यांनी बँकेला फोन केला. आमचे अधिकारी चौगुले यांनी नियम वाचून दाखवला. वाद मिटेपर्यंत दोन्ही धारकांनी नोंदणीकृत पत्त्यावर राहायचं, एकमेकींना जेवण नाकारायचं नाही, आणि एकवीस दिवसांनी सुनावणीला हजर व्हायचं. त्रिशलाबाईंनी ऐकून घेतलं. मग भाताला आणखी एक वाटी तांदूळ धुतले.

त्रिशलाबाईंबद्दल इथे थोडं सांगायला हवं. त्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर आहेत. मिरज हे दवाखान्यांचं गाव. निम्म्या गावाची साखर, कावीळ आणि गोड बातम्या त्यांच्या हातून गेल्या आहेत. त्यांनी पाकीट कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही आणि त्यातलं अक्षर कधी तोंडातून काढलं नाही. शेजारच्या कोथळे वहिनी त्यांच्याशी चार वर्षं धड बोलत नव्हत्या, कारण स्वतःच्याच सुनेला दिवस गेल्याचं त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं आणि त्रिशलाबाईंना ते सगळ्यांत आधी माहीत होतं.

घरातही त्या तशाच होत्या. दुपारी यायच्या, जेवायच्या, पेपर वाचायच्या. भूपालराव विचारायचे, "आज काय विशेष?" त्या म्हणायच्या, "काही नाही."

दुसरी मात्र बोलायची. विचारलं ते सांगायची आणि खरं तेच सांगायची. कोथळे वहिनींनी तिला पहिल्याच दिवशी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक म्हणून दाखवायला लावला. तिसऱ्या दिवसापर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना भूपालरावांची रक्तदाबाची गोळी, घराच्या गॅस जोडणीचा क्रमांक आणि त्रिशलाबाई कुठल्या कुशीवर घोरतात हे माहीत झालं होतं. गल्लीला ती आवडली. कोथळे वहिनी म्हणाल्या, "ही बघा कशी मोकळी आहे. हिलाच ठेवून घ्या."

भूपालरावांनाही ती आवडली हे त्रिशलाबाईंच्या लक्षात आलं. ते वीज मंडळातून निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली होती. एक दिवस त्या लॅबमधून परतल्या तर ओसरीवर दोघं शेंगा सोलत बसले होते आणि भूपालराव हसत होते. अगदी डोळे पुसत हसत होते. त्रिशलाबाई चपला काढून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला, पण पान उलटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी यजमानांना विचारलं, "हिला एवढं सगळं कुठून कळलं?"

भूपालरावांनी शेंगांची टरफलं केरात टाकली.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "त्या मंगळवारी दुपारी फोन आला होता. मुलगी होती. म्हणाली, तुमच्या मिसेसच्या कार्डाची माहिती अपुरी आहे, कार्ड बंद पडेल. मी म्हटलं, त्या झोपल्यात. ती म्हणाली, मग काका तुम्हीच सांगा. कार्ड पर्समध्ये होतं, फोन उशाशी होता. तिनं आकडे विचारले, मी दिले."

"सहा आकडे आले असतील, तेही?"

"तेही."

"त्याला दोन मिनिटं लागतात. गोळी, गॅस, माझं घोरणं? ते कशाला?"

"ते तिनं विचारलं नव्हतं," भूपालराव म्हणाले. "आधी तिनं विचारलं, काका, जेवलात का? मग मी तासभर बोललो. ती ऐकत होती गं."

त्रिशलाबाई उठल्या. त्यांनी दिवा लावला, आणि मग पहिल्यांदाच त्या यजमानांच्या शेजारी ओसरीवर जाऊन बसल्या. दुसरी आत भांडी लावत होती. ती त्या तासाभराच्या बोलण्यातून झाली होती, तेव्हा त्रिशलाबाईंचं तिला तेवढंच येत होतं. त्रिशलाबाईंच्या लॅबमधलं, माहेरचं, मनातलं तिला काही ठाऊक नव्हतं, कारण ते भूपालरावांनाही ठाऊक नव्हतं.

सुनावणी सांगलीच्या कार्यालयात झाली. टेबलाच्या एका बाजूला चौगुले साहेब, बाजूला मी, समोर दोघी आणि मागच्या खुर्चीत भूपालराव. जी मूळ धारक ठरेल तिच्याकडे नाव, पत्ता, आधार, नोकरी आणि घर राहणार होतं. दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीला त्यातलं काहीही वापरता येणार नव्हतं. चौगुले साहेबांनी हे आधीच वाचून दाखवलं. भूपालरावांनी रुमाल काढला.

"यजमानांची साक्ष घ्या," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"घरच्यांची साक्ष धरत नाहीत, मॅडम," चौगुले साहेब म्हणाले. "बहुतेक प्रकरणांत माहिती घरच्यांनीच दिलेली असते."

मग दहा प्रश्न झाले. दुसरीने दहाच्या दहा उत्तरं घड्याळासारखी दिली. त्रिशलाबाईंना तीन आली नाहीत. कार्डाचा क्रमांक त्यांना पाठ नव्हता, त्याची मुदत कधी संपते ते आठवलं नाही, आणि मर्यादा किती विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी कधी तिथपर्यंत गेले नाही."

मी गुण मांडले. चौगुले साहेबांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना कोण खरी आहे हे दिसत होतं, पण दिसण्याला रकाना नव्हता.

"आता शेवटची पायरी," ते म्हणाले. "तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर सहा आकडे येतील."

दुसरीजवळ त्याच क्रमांकाचं दुसरं सिमकार्ड होतं. दोन्ही फोन एकदम वाजले.

"आकडे सांगा."

"चार, एक, आठ, आठ, शून्य, सात," दुसरी म्हणाली.

"बरोबर." चौगुले साहेब त्रिशलाबाईंकडे वळले. "तुम्ही?"

त्रिशलाबाईंनी संदेश शेवटपर्यंत वाचला. फोन पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन ओढली.

"सांगणार नाही."

"मॅडम, आकडे आता सगळ्यांनी ऐकलेत. फक्त म्हणायचे आहेत."

"यांनी सांगितले. मी सांगणार नाही."

"मी बँकेचा अधिकारी आहे."

"असाल. संदेशात लिहिलंय, बँकेतून कुणी विचारलं तरी सांगू नका. तुम्हीच लिहिलंय ते."

"पण मग मी निकाल कसा देऊ?" चौगुले साहेबांचा आवाज चढला. "तुमचं नाव जाईल. घर जाईल. सहा आकड्यांचा प्रश्न आहे!"

"सव्वीस वर्षं मी कुणाचं पाकीट कुणाला दिलेलं नाही," त्रिशलाबाई शांतपणे म्हणाल्या. "लोक रडले, ओरडले, ओळखी सांगितल्या. एका नगरसेवकानं खिडकीची काच फोडली. नाव जायचं तर जाऊ दे. आकडे देणार नाही."

भूपालराव उभे राहिले होते. चौगुले साहेबांनी आपल्या संगणकावर तोच पाठवलेला संदेश वाचला, वरिष्ठांना फोन केला, चार मिनिटं "होय सर" म्हटलं आणि मग मला लिहायला सांगितलं: विचारल्यावर न सांगणारी व्यक्ती ही मूळ धारक समजण्यात यावी. त्यानंतर आमच्याकडची सगळी प्रकरणं याच निकालाच्या आधारे मिटतात.

भूपालराव बायकोजवळ आले. "मला वाटलं, तू सांगून टाकशील," ते म्हणाले.

"तुम्हाला मी कळले नाही हे खरं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कळेल असं मी ठेवलं कुठे?" हे त्या आमच्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी ते टिपणात घेतलं नाही.

राहिली दुसरी. तिचं कार्ड रद्द झालं, पण धारकाचं काय करायचं याला नियम नव्हता. ती बाहेरच्या बाकावर बॅग धरून बसून होती. ती अजिबात रागावलेली नव्हती. त्रिशलाबाईंनी दोन चहा मागवले आणि तिच्या शेजारी बसल्या.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

दुसरीने सांगितलं. इमारतीचं नाव सांगितलं, तिसरा मजला सांगितला, चौतीस खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर बसणाऱ्याचं नाव सांगितलं. 'जेवलात का' हे वाक्य कागदावर छापून भिंतीला लावलं आहे, तेही सांगितलं. कुलूप कुठल्या आकड्यांनी उघडतं ते सांगितलं. मी आतून वही घेऊन धावत आलो आणि तिथेच उभ्याने लिहिलं. सहा पानं झाली.

"हे इतके दिवस का नाही बोललात?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही," दुसरी म्हणाली. "सगळे तुमच्याबद्दलच विचारत होते."

सहा पानं सायबर पोलिसांकडे गेली. नवव्या दिवशी त्यांनी ते कुलूप त्याच आकड्यांनी उघडलं. चौतीसपैकी एकतीस जण जागेवर सापडले. खटला चालू असल्याने गावाचं नाव मी लिहीत नाही.

त्या दिवशी बाकावर अजून एक गोष्ट झाली. चहा संपल्यावर दुसरी म्हणाली, "आता मला नाव नाही. कुणी विचारलं तर काय सांगू? मला तर सांगावंच लागतं."

त्रिशलाबाईंनी थोडा विचार केला. मग त्या तिच्या कानाशी झुकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मी दोन हातांवर होतो, पण मला ऐकू आलं नाही.

"हे तुमचं," त्या सरळ बसत म्हणाल्या. "हे कुणाला सांगायचं नाही."

"पोलिसांनी विचारलं तरी?"

"तरी."

"तुम्ही विचारलंत तर?"

"मी विचारणार नाही."

दुसरीने ओठ मिटले. तिला ते जमत नव्हतं, हनुवटी थरथरत होती. पण थोड्या वेळाने जमलं.

त्या बाई आता एसटी स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीवर आहेत. विचारलेलं सगळं खरं सांगणारं माणूस त्या खात्याला हवंच होतं. खिडकीवरची नावाची पाटी कोरी आहे, आणि पगार बिल्ल्याच्या क्रमांकावर निघतो. भूपालराव आणि त्रिशलाबाई कधीकधी रविवारी तिकडे फिरायला जातात आणि तिघं वडापाव खातात. त्रिशलाबाई हल्ली बऱ्याच बोलतात, असं भूपालराव म्हणतात. काय बोलतात, ते सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी स्वतः त्या खिडकीवर गेलो होतो.

"जतची गाडी?" मी विचारलं.

"सव्वापाच, तीन नंबर फलाट. आज वीस मिनिटं उशीर, चालकाची दाढ दुखतेय."

"आणि आपलं नाव काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले. या वेळी हनुवटी जराही थरथरली नाही.

"पुढचे कोण?" त्या म्हणाल्या.