पेटीला तीन डुबक्या

स्कूटर पंक्चर झाली तेव्हा बाई प्रयोगशाळेपासून चांगल्याच लांब होत्या आणि गिऱ्हाईक मात्र वेळेआधी येणाऱ्यांतलं होतं. आज त्याच्यासमोर पंपाची नियंत्रक पेटी चालवून दाखवायची होती. विजेचा दाब क्षणभर घसरला की आधीच्या दोन्ही पेट्यांनी मान टाकली होती. "हिनंही टाकली तर तुमचा विभाग बंद," असं साहेबांनी बाईंना बजावलं होतं.

दाब असा मुद्दाम घसरवून बघण्याला प्रयोगशाळेत सगळे 'डुबकी' म्हणत. बाईंनी फोन लावला. पलीकडे तंत्रज्ञच असणार, असं धरून त्या घाईघाईनं म्हणाल्या, "गिऱ्हाईक यायच्या आत पेटीला तीन डुबक्या देऊन ठेवा. पहिली उथळ, दुसरी खोल, तिसरी पूर्ण. पण तिसरी क्षणभरच हं!"

"बरं बाई."

तंत्रज्ञ खाली खुर्च्या आणायला गेला होता. फोन उचलला होता भांडारातून नुकत्याच बदलून आलेल्या मामांनी. सांगितलेलं काम शब्दाला शब्द धरून करणारा माणूस!

बाई धापा टाकत पोचल्या, तर पेटी खिडकीच्या गजाला उलटी टांगलेली आणि खाली बादली.

"मामा! हे काय?"

"निथळतेय. तिसरीला लबाड, सारखी वर येत होती. दाबून धरली शेवटी."

"अहो, डुबकी विजेची द्यायची होती!"

"विजेची? मग मला शॉक नसता बसला?"

तेवढ्यात साहेब गिऱ्हाइकाला घेऊन आत आले. बादली बघून साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

बाई मात्र 'सारखी वर येत होती' या शब्दांवर अडकल्या होत्या. वर येत होती, म्हणजे आत हवा होती. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले आणि आत टिपकागद फिरवला. कोरडा ठणठणीत! झाकण लावून, पेटी पुसून त्यांनी ती पंपाला जोडली.

पहिल्या डुबकीला टेबलावरचा दिवा मंदावला, पंप चालू. दुसरीला दिव्याचा काजवा झाला, पंप चालू. तिसरीला दिवा विझून पुन्हा पेटला. पंपानं सूरसुद्धा बदलला नाही.

"आमच्याकडे पूर आला की वीज अशीच गटांगळ्या खाते," गिऱ्हाईक म्हणालं. "पण पेटी आधी पाण्यात बुडवून मग चालवून दाखवणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"आमची पद्धतच आहे ती," साहेब म्हणाले.

"आजपासून," बाई शांतपणे म्हणाल्या.

गिऱ्हाईक खो खो हसलं. "शंभर पेट्या द्या. आणि प्रत्येक पेटी यांच्या हातून बुडवून!" त्यानं मामांकडे बोट दाखवलं.

मामांनी गारठलेले तळवे एकमेकांवर चोळले. "शंभर? मग पाणी गरम लागेल."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

विद्युत प्रयोगशाळेसाठी गिझर मंजूर करताना साहेबांनी हूं की चूं केलं नाही.