वडीला स्वेटर घालणारे मुजावर सर

मुजावर सर वडीशी कुजबुजत. खायच्या नव्हे, बिस्किटाएवढ्या, काळ्या, भट्टीत भाजलेल्या वडीशी. "या पावणं, टेका," म्हणत ते तिला थर्माकोलच्या डब्यात बसवत.

मी सातवीत शाळा सोडलेली बाई, गडचिरोलीहून इथे कोल्हापुरात आलेली. सरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या धुवायला ठेवलं, हे त्यांचे उपकारच. पण पहिल्याच आठवड्यात मी पळून जायच्या बेतात होते. सर पडदे ओढायचे, वडीवर द्रव नायट्रोजन ओतायचे. पांढरी वाफ टेबलावरून माझ्या पायांवर उतरायची. मग वडीवर ठेवलेलं छोटं चुंबक, कुणी हात न लावता, उठायचं. हवेत थांबायचं. आणि आपलं आपणच फिरायला लागायचं, कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

"भ्यायचं न्हाय ताई," सर म्हणत. "ह्ये अतिवाहक हाय, गार झालं की चुंबकाला वर ढकलतंय. त्यातबी ह्ये गरम जातीचं." बोट बुडालं तर गोठून तुटेल, ते यांच्या लेखी गरम! बाकीच्या जाती म्हणे याहून भयंकर थंडीत जाग्या होतात.

वडीला दमट हवा सोसत नाही. म्हणून सर तिला वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा हिरवट थर द्यायचे. त्याला 'स्वेटर' म्हणायचे. स्वतःच्या शर्टाचं कोपर मात्र उसवलेलं.

प्रयोगशाळेची ही खोली चालू ठेवायची की नाही, ते ठरवायला समिती येणार होती. खोली गेली की माझं कामही गेलं. आदल्या दिवशी हवा फारच ओलसर होती. सरांनी काळजीपोटी वडीवर थरावर थर चढवले.

समितीसमोर वाफ उठली, चुंबक उठेना.

"सर, आम्हाला अजून दोन कॉलेजं बघायचीत."

"जरा थांबा की! जाड स्वेटर हाय, थंडी आत शिरू द्या."

समितीतले साहेब हसले आणि निघाले. गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला.

तेव्हा चुंबक उठलं.

मी दाराकडे धावले. "सर, बोलावते त्यांना!"

"ऱ्हाऊ दे. खोली गेली आता." त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. "पोरं शिकायला यायची बंद झाल्यापास्नं येकटाच बघतोय. खरं हाय का नुसता भास, कुनाला इचारलंच न्हाय." वाफेत त्यांचा चेहरा दिसेना, नुसता आवाज. "तुला दिसतंय न्हवं, ताई?"

"दिसतंय सर. फिरतंय."



"परत सांग की," ते म्हणाले.