नेदरकूमच्या रानातली खोकी

ज्या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याला ठाऊक असतं, त्याच्याइतका गूढ प्रश्न जगात दुसरा नाही. दूरच्या ताऱ्याचा शोध लागतो, कारण ताऱ्याला विचारायला संकोच वाटत नाही.

मौनाचं पुण्य आपल्याकडे मोठं मानतात. पण आपलं मौन एखाद्या दिवसाचं, आणि तेही खुणा करकरून. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या नेदरकूम गावात ते जन्मभर पाळतात आणि त्याला व्रत म्हणतही नाहीत. देवाने जीभ दिली आहे ती हवामानाबद्दल बोलण्यासाठी, अशी इथली निष्ठा आहे. गावातल्या नव्वद टक्के गोष्टी सर्वांना माहीत असतात. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी समिती नेमतात.

तर वसंतात गावामागच्या रानात, हेझलच्या झाडांवर लाकडी खोकी दिसू लागली. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा. आणि प्रत्येकाचं भोक खोडाच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं केलेल्या मुलासारखं.

ही खोकी क्लेमंट हॅनाफर्ड यांनी लावली होती. जनावरांचे निवृत्त डॉक्टर, रानाला लागून घर. रानातून नवा रस्ता काढायचं घाटत होतं आणि तो गावात कोणालाच नको होता. त्या रानात डॉरमाऊस राहतो : अंगठ्याएवढा, सोनेरी, झुपकेदार शेपटीचा, अर्धं वर्ष झोपून काढणारा उंदरासारखा जीव. (उरलेलं अर्धं वर्ष तो गावकऱ्यांइतकाच जागा असतो.) त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याचं घरटं सापडलं, तर रस्त्याला वळावं लागतं. तो खोडावरून चढतो आणि मागच्या फटीतून आत शिरतो, म्हणून भोक मागे. मे महिन्यात हॅनाफर्डना एका खोक्यात शेपटी दिसलीही. पण एकट्याने पाहिलेली शेपटी सरकारदरबारी शेपटी नसते. पाहणी करणाऱ्या बाई सप्टेंबरात यायच्या होत्या. तोवर खोक्यांना हात लागू नये, एवढंच हवं होतं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ‘मी रान वाचवतोय’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणणं म्हणजे बढाई. कोणी विचारलं असतं तर सांगितलंच असतं.

कोणी विचारलं नाही. बेरिल लसकमबाईंनी खोक्यांची ओळख पटवणारी समिती स्थापन केली. हॅनाफर्डना त्यात घेतलं, कारण ते लिंबाचा केक उत्तम करतात.

पहिल्या बैठकीत नौदलातून निवृत्त झालेले कमांडर फॉक म्हणाले, “आत ऐकण्याची यंत्रं आहेत. भोक लपवलंय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच.”

“कमांडरसाहेब, तुम्हांला चहाच्या किटलीतसुद्धा हेर दिसतात,” बेरिलबाई म्हणाल्या. “आणि आपल्या गावात ऐकण्यासारखं बोलतंय कोण? अहो, साधी पक्ष्यांची घरं आहेत ती. लंडनहून आलेल्या कोणीतरी लावली असणार. पुढचं-मागचं कळत नाही बिचाऱ्यांना.”

हा सिद्धान्त एकमताने मंजूर झाला. (लंडनचा दोष असलेला सिद्धान्त आमच्याकडे कधी नामंजूर झालेला नाही.) हॅनाफर्डनी केक कापला. समोर बसून ते कोणीतरी विचारण्याची वाट पाहत होते, आणि बाकीचे दुसरा तुकडा मिळण्याची.

मधे एकदा बेरिलबाईंना ते गल्लीत भेटले. खांद्यावर शिडी, कोटाला शेवाळ, खिशातून डोकावणारा पांढऱ्या रंगाचा ब्रश.

“शिडीला छान दिवस आहे हो, क्लेमंट!”

“हो ना. वारा नाही.”

“नाही तर काल काय होतं!”

“काल होता बाई, वारा.”

आणि दोघं आपापल्या वाटेने गेली. खोक्यांच्या संशोधनातला हा सर्वांत महत्त्वाचा संवाद होय.

जूनमध्ये समितीला पक्ष्यांची दया आली. दयेसारखा दुसरा धर्म नाही. फक्त तिच्या हातात पाना देताना जरा विचार करावा. रविवारी प्रार्थना आटोपून, काकडीची सँडविचेस घेऊन सगळं गाव रानात निघालं, खोकी सरळ करायला.

“क्लेमंट, शिडी आहे ना हो तुमच्याकडे?” बेरिलबाईंनी विचारलं. अखेर विचारलं; पण शिडीबद्दल.

शिडी आली. हॅनाफर्डनी ती धरली. कमांडर वर चढले तेव्हा हॅनाफर्ड म्हणाले, “तुमची नक्की खात्री आहे?”

आमच्या गावात यापेक्षा तीव्र निषेध आजवर नोंदवला गेलेला नाही.

“अगदी!” बेरिलबाई म्हणाल्या.

“मग ठीक आहे,” हॅनाफर्ड म्हणाले, आणि त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली, कारण कमांडरांचा गुडघा दुखरा आहे.

खोकी फिरवताना झाकण मात्र एकाचंही उघडलं नाही. न विचारता दुसऱ्याच्या घरात डोकावणं चांगलं दिसत नाही. त्यामुळे आतून कोण, कधी निघून गेलं, हे कोणाला कळलं नाही.

सप्टेंबरात पाहणीच्या बाई आल्या. बहुतेक खोक्यांत पक्ष्यांची पिसं सापडली, एकात गांधीलमाश्यांचं पोळं. सोनेरी असं काही नव्हतं. “ही खोकी अशी उलटी कोणी लावली?” त्यांनी विचारलं. साऱ्या गावाने बुटांकडे पाहिलं. बेरिलबाई हलकेच म्हणाल्या, “लंडनच्या माणसाने, बहुतेक.” हॅनाफर्डनी आभाळाकडे पाहून पाऊस येईल असं सांगितलं. तो आलाही.

रस्ता झाला. गावाला फार वाईट वाटलं, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही.

तसा रस्ता सुरेख आहे. तुम्ही कधी इकडे आलात, तर त्याच रस्त्याने याल. कोट काढता काढता म्हणाल, “बरं झालं बाई हा रस्ता झाला, पूर्वी म्हणे फार वळसा पडायचा.” मी “हो ना” म्हणेन आणि चहा ओतेन. इथे आधी काय होतं, हे तुम्ही विचारणार नाही; हवा किती छान आहे म्हणाल.

तुम्हांला इथे रुळायला मुळीच वेळ लागणार नाही.