सबनीसांची महापालिका

आमच्या सिंगापूरच्या, जुरोंग ईस्टमधल्या ऑफिसात कुणी नवा माणूस कॉफी मशीनपाशी उभा दिसला, की सबनीस त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात विचारत, "तिसऱ्या वॉर्डाचं काय वाटतं तुम्हाला?"

नवा माणूस गडबडून जायचा. आपल्या प्रोजेक्टमधला काहीतरी भाग वाचायचा राहिला, असं समजून तो जागेवर जाऊन फायली उघडायचा. मग दोन-तीन दिवसांनी कुणीतरी त्याला सांगायचं, की हा तिसरा वॉर्ड अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरातला आहे, तिथे महापौराची निवडणूक आहे, आणि आमच्या कंपनीचा त्या शहराशी कसलाही संबंध नाही. सबनीसांनी ते शहर कधी पाहिलेलंही नाही.

मी सबनीसांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. आम्ही बंदरातल्या मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचो. ते निवृत्तीला आलेले, मी पंचेचाळिशी ओलांडलेला. राहायलाही दोघं चोआ चू कांगलाच. त्यामुळे सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी परत एमआरटीत मला ती महापालिका ऐकावी लागे.

सबनीस मूळचे मिरजेचे. तरुणपणी मामा नगरपालिकेला उभा होता, तेव्हा हे त्याचे बूथवरचे एजंट. मामा पडला. पण त्या एका निवडणुकीच्या भांडवलावर ते अमेरिका समजावून सांगायचे. उमेदवार दोन. एक निवृत्त शिक्षिका, उंच, पिकल्या केसांच्या. त्या नगरसेविका होत्या आणि आता महापौरपदाला उभ्या होत्या. सबनीस त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. दुसऱ्याची गाड्यांची शोरूम होती. तो 'मोटारवाला'.

"मोटारवाल्यानं काल चर्चमध्ये जेवणावळ घातली," ते डबा उघडता उघडता सांगत. "गोड धिरडी. वर पाक. सकाळी सकाळी लोक रांगेत! आणि आमच्या बाई काय करतायत? बससेवेवर भाषण. अहो देवधर, बससेवेवर कुणी मत देतं का? बाईंनी घरोघर हळदीकुंकू करायला हवं होतं."

"अहो, तिथे हळदीकुंकू..."

"त्या अर्थानं नाही म्हणत. चार बायका गोळा करायच्या, हातावर काहीतरी ठेवायचं. माणूस रिकाम्या हातानं गेला, की मतही रिकामं जातं."

कशाचाही निकाल लागायचा असला, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पेट्या अजून बाकी आहेत." बढत्यांची यादी आली आणि तिच्यात त्यांचं नाव नव्हतं, तेव्हाही ते हेच म्हणाले. हॉकर सेंटरमध्ये माझा राइस आला आणि त्यांचे नूडल्स आले नाहीत, तरी हेच.

एकदा ते आमच्या घरी आले असताना माझी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, अंकलला तिथे व्होटसुद्धा नाही. सो कायपो, लाह." कायपो म्हणजे नसत्या उठाठेवी करणारा. बाजूला म्हणजे किती, फ्लॅट तो केवढा. सबनीसांनी ऐकलं.

"बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले. "मिरजेच्या यादीतून माझं नाव केव्हाच गेलं. इथे मी नोकरीच्या पासवर, नागरिक नाही. आणि तिथे तर पाऊलही ठेवलं नाही. तीन देश धरले तरी मला एकही मत नाही, देवधर. म्हणून तर मी तटस्थपणे बघू शकतो."

असं म्हणून त्यांनी पुढचा अर्धा तास मोटारवाल्याला शिव्या घातल्या.

मला हे सगळं नकोसं व्हायचं, हे सांगून टाकतो. मी मनातल्या मनात मोटारवाल्याच्या बाजूचा होतो. तो एकदाचा मोठ्या फरकानं निवडून यावा आणि मला दोन घास शांतपणे खाता यावेत, एवढीच माझी राजकीय इच्छा होती.

दर बुधवारी सकाळी सबनीस ऑफिसला लवकर जात. अमेरिकेत तेव्हा मंगळवारची संध्याकाळ असे, आणि त्या शहराच्या नगरसभेची बैठक इंटरनेटवर दिसे. एका बुधवारी मलाही काम होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. ऑफिस रिकामं. सबनीसांनी हेडफोन लावले होते, आणि पडद्यावर कुणीतरी जाडा गृहस्थ पुलाच्या रंगाविषयी बोलत होता. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की सबनीस त्या गृहस्थाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात होती. तिथे बाईंच्या मागे भिंतीला लागून खुर्च्या होत्या, आणि एका खुर्चीत एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. ती मान वर करून बाईंच्या कानाशी काही सांगायला वाकली, तर सबनीसही इकडे खुर्चीत थोडे वाकले.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढले. "सई," ते म्हणाले. "माझी मुलगी."

सबनीसांची बायको वारली आहे हे मला माहीत होतं. ते मी सिंगापूरला येण्याआधीचं. मुलगी आहे, हे तीन वर्षांत कधी कानावर आलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. सई अमेरिकेत शिकत होती, शेवटचं वर्ष. इथे नंदावहिनींना पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलं, की पोरीला परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही. वहिनी फोनवर खोट्या खोट्या हसायच्या. व्हिडिओ नको, नेट बरं नाही, म्हणायच्या. परीक्षा व्हायच्या आधीच त्या गेल्या. सई आली तेव्हा इथल्या मंडाई दहनभूमीतलं सगळं आटोपलं होतं.

"ओरडली नाही, रडली नाही," सबनीस म्हणाले. "जाताना एवढंच म्हणाली, बाबा, माझं तुम्ही ठरवलंत. आता माझं मी ठरवते. तेव्हापासून फोन उचलत नाही. पोहोचल्यावर मला ब्लॉकही केलं. मग एकदा शोधता शोधता हे सापडलं. ती बाईंच्या ऑफिसात काम करते. दर आठवड्याला दिसते. नवा चष्मा घेतलाय."

"तुम्ही तिकडे जाऊन का येत नाही?"

"दारात जाऊन उभा राहू? तेही पुन्हा मीच ठरवल्यासारखं होईल."

मग त्यांनी मला निवडणुकीचं खरं गणित सांगितलं. महापौरपदाला उभ्या राहिल्यामुळे बाई या वेळी आपली नगरसेविकेची जागा लढवत नव्हत्या. त्या जिंकल्या, तर सई महापौरांच्या कचेरीत जाणार, आणि बैठकीत महापौरांच्या मागेच बसणार. तिथे कॅमेरा सरळ समोर. हरल्या, तर त्या सभागृहात बाई नाहीत आणि सईही नाही.

मी त्या दिवशी माझ्या जागेवर जाऊन बसलो, पण काम सुचेना. आपली माणसं दुसऱ्याला त्रास नको म्हणून काय काय लपवतात! माझी नोकरी त्या वर्षी डळमळीत होती. मी पुण्याला आईला सांगितलं नव्हतं. आई न्हाणीघरात पडली, ते मला दीड महिन्यानं भावाकडून कळलं. आम्ही दर रविवारी फोनवर एकमेकांना सगळं छान असल्याचं कळवत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. सबनीसांनी माझ्याहून वेगळं काय केलं होतं? माझ्या बाबतीत अजून निकाल लागला नव्हता, इतकंच.

त्या रात्रीपासून मी देवापुढे बाईंसाठी हात जोडायला लागलो. बायको म्हणाली, "कोण बाई?" मी म्हटलं, "आहेत एक." त्यावर घरात जे झालं ते इथे सांगत नाही.

मतदानाचा मंगळवार म्हणजे आमचा बुधवार. सकाळीच आकडे यायला लागले. सबनीसांनी रजा टाकली होती आणि रजेवर असून ते ऑफिसात येऊन बसले होते, कारण घरी एकट्यानं बघवेना. नदीपलीकडचे वॉर्ड मोटारवाल्याकडे गेले. तिसरा वॉर्ड बाईंकडे आला. दुपारी सगळ्या केंद्रांची मोजणी संपली तेव्हा बाई थोड्या मतांनी पुढे होत्या.

सबनीस तडक लिटिल इंडियाला गेले आणि पेढे घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, टपालाची मतं राहिलीत ना?" आयुष्यात पहिल्यांदा मीच त्यांना पेट्या बाकी असल्याचं सांगत होतो. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

ते सगळ्या मजल्यावर पेढे वाटत फिरले. आमच्या अॅडमिनच्या जॉयस मॅडमना इतक्या वर्षांत आम्हा लोकांच्या पेढ्यांचा अर्थ कळला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वाह, मिस्टर सबनीस! ग्रँडफादर ऑलरेडी, आह?"

सबनीसांनी बॉक्समधला आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "नॉट येट. बट डॉटर गॉट प्रमोशन."

"सो गुड! शी कम बॅक सिंगापूर, सेलिब्रेट?"

"बिझी," सबनीस म्हणाले. "व्हेरी बिझी."

टपालाची मतं पुढच्या आठवड्यात मोजली. बाईंची आघाडी वितळत गेली आणि शेवटी मोटारवाला मूठभर मतांनी पुढे निघाला. फेरमोजणी मागितली गेली. काही पाकिटांवरच्या सह्या जुळत नाहीत म्हणून ती बाद केली होती. त्यावरून कोर्टात भांडण लागलं. सबनीसांनी पेपर नॅपकिनवर सह्या करून मला दाखवल्या. "बघा, माझीच सही दोनदा सारखी येत नाही. म्हातारी माणसं, हात थरथरतात. थरथरलेलं मत काय मत नसतं?" ते जेवेनासे झाले. डबा उघडायचे आणि बंद करायचे.

कोर्टानं पाकिटं उघडू दिली नाहीत. फेरमोजणीत मोटारवाल्याची आणखी दोन-चार मतं वाढली.

बाई पराभव मान्य करणार होत्या, त्या सकाळी आम्ही दोघं एका लहान मीटिंग रूममध्ये बसलो. बाईंच्या प्रचाराच्या पानावर थेट दिसत होतं. कुठलंसं रिकामं दुकान भाड्यानं घेतलेलं, भिंतीवर उरलेले फलक. बाई चांगलं बोलल्या. कुणाला दोष दिला नाही. मागे सई उभी होती, हाताची घडी घालून. भाषण संपलं, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, खुर्च्या आवरायला लागले. चित्रण करणारा फोन स्टँडवर तसाच चालू राहिला होता. कुणाच्या लक्षात नव्हतं. आम्ही दोघं सिंगापुरात बसून खुर्च्या आवरताना बघत होतो.

मग सई कॅमेऱ्याकडे चालत आली. आतापर्यंत नखाएवढा दिसलेला तो चेहरा मोठा मोठा होत पडदाभर झाला. ती फोन बंद करायचं बटण शोधत होती, त्यामुळे सरळ आमच्याकडे बघत होती. सबनीसांचा हात नकळत वर गेला आणि त्यांनी शर्टचं वरचं बटण लावलं. कपाळावरचे केस मागे सारले.

पडदा काळा झाला.

"डोळ्यांखाली काळं आलंय," ते म्हणाले. "जागते वाटतं. नंदाचंही असंच व्हायचं."

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. काचेच्या खोलीबाहेर लोक ये-जा करत होते. मी ठेवला नाही. पाणी आणायला म्हणून उठलो.

जानेवारीत एका बुधवारी मी लवकर गेलो. बाहेर पाऊस लागला होता. सबनीस हेडफोन लावून बसलेले. पडद्यावर मधल्या खुर्चीत मोटारवाला, मागे त्याची माणसं.

"आता कशाला बघता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बैठकीच्या शेवटी नागरिकांना बोलू देतात," सबनीस म्हणाले. "प्रत्येकाला तीन मिनिटं. नाव पुकारतात, मग माइकपाशी येऊन तक्रार सांगायची. कुणीही यावं."

"मग?"

"तिकडे खूप बर्फ पडलाय. मोठे रस्ते साफ केले, गल्ल्या तशाच आहेत. सईचं घर गल्लीत आहे, असं बाई एकदा बैठकीत बोलता बोलता म्हणाल्या होत्या. आणि आमची सई ऐकून घेणाऱ्यांतली नाही, देवधर. वाण्याकडून आणलेल्या तुरीच्या डाळीत खडे निघाले, तर ही सात वर्षांची पोर त्याच्याशी भांडून आली होती." त्यांनी हेडफोनचा आवाज थोडा कमी केला. "मी रोज देवाला सांगतो, त्या गल्लीतला बर्फ कुणी उचलू नये. म्हातारी माणसं घसरतील, कळतं मला. तरी सांगतो."

त्यांनी एक हेडफोन काढून मला दिला. मी खुर्ची ओढून घेतली. एक आजोबा शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी बोलत होते. त्यांची मिनिटं संपली. सभागृहाच्या कारकुनानं पुढचं नाव पुकारलं, आणि सबनीस पुढे वाकले. नाव वेगळ्याच कुणाचं तरी होतं. ते मागे टेकले आणि त्याच्या पुढच्या नावाची वाट बघू लागले.